कटिबंध

भूगोलाच्या पहिल्या पुस्तकांत मुलांना जे शब्द पाठ करावे लागतात, त्यांत 'उष्ण कटिबंध' हा एक आहे. पृथ्वीला देह कल्पून तिच्या कटीभोंवतीं गुंडाळलेला पट्टा, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु तो शब्द घडाघडा म्हणून दाखविणाऱ्या शंभर मुलांपैकीं एखाद्याच्याच ध्यानांत येतें कीं, त्यांतील 'कटि' म्हणजे आपलीच कंबर होय. आज आम्ही या शब्दाचा असाच घरगुती अर्थ घेणार आहों. मनुष्यानें घराबाहेर, विशेषतः रानांत, जातांना कमरेला काय बांधावें, कां बांधावें आणि काय बांधूं नये, हा आजचा विषय. तो वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण चंद्रपूर (जुन्या माणसांच्या तोंडचा चांदा) आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली या आमच्या दोन वनप्रधान जिल्ह्यांत तो क्षुल्लक राहत नाहीं. तेथें त्यावर कित्येकदां जीव अवलंबून असतो.

आधीं आपली भाषाच काय साक्ष देते तें पाहूं. काम अंगावर घ्यावयाचें झालें म्हणजे आपण कंबर कसतों. धीर सुटला म्हणजे कंबर खचते. संस्कृतांत सज्ज झालेल्या पुरुषास 'बद्धपरिकर' म्हणतात, आणि परिकर म्हणजे कमरेस आवळलेलें वस्त्र. मुंजींत बटूच्या हातीं पळसाचा दंड देतात व कमरेस मेखला बांधतात, हें आपल्या घरोघरचें. धर्मशास्त्रकारांनीं ब्राह्मणाच्या मुलास मुंज गवताची, क्षत्रियाच्या मुलास मूर्वेच्या तंतूंची धनुष्याची दोरी, आणि वैश्याच्या मुलास तागाची मेखला सांगितली आहे. यामागील गूढार्थ उपाध्यायांनीं सांगावा. आम्हांस इतकेंच दिसतें कीं, तिन्ही दोऱ्या खऱ्या कामाच्या आहेत. गुरुगृहीं राहिलेला बटु समिधा आणावयास रोज रानांत जाई. त्याच्या कौपीनास आधार त्या मेखलेचाच. वेळप्रसंगीं मोळी आवळावयासहि तीच उपयोगीं पडत असेल, हा तर्क अगदींच अस्थानीं होणार नाहीं. आतां ती सोहळ्यापुरती उरली आहे व मुलगा शाळेंत जातांना पाठीवर मणभर दप्तर घेऊन जातो, ही गोष्ट निराळी.

कमरेस सामान बाळगण्याची चाल किती पुरातन आहे, याचा पुरावा १९९१ सालच्या सप्टेंबर महिन्यांत आल्प्स पर्वतांत मिळाला. ऑस्ट्रिया व इटली यांच्या सरहद्दीवर, सुमारें ३,२०० मीटर उंचीवर, बर्फांत गोठून राहिलेलें एका पुरुषाचें प्रेत पर्वतांत हिंडणाऱ्यांस सांपडलें. परीक्षेअंतीं तें सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींचें ठरलें. एका पत्रकारानें त्यास 'ओत्झी' हें नांव दिलें आहे. त्याचा पट्टा वासराच्या कातड्याचा असून त्यावरच एक थैली शिवलेली होती. थैलींत गारगोटीची एक खरवडणी, भोंक पाडण्याचें टोंक, एक पातळ पातें, हाडाची आर, आणि विस्तव पेटविण्यासाठीं वाळविलेलें अळंबें, एवढ्या वस्तु निघाल्या. लंगोटीहि त्याच पट्ट्यानें आवरलेली असे. त्याच्यापाशीं तांब्याची कुऱ्हाड, धनुष्य आणि बाणांचा भाताहि होता; पण जें लहान, नित्य लागणारें आणि ज्यावांचून क्षणभर चालावयाचें नाहीं, तें त्यानें कमरेस ठेविलें होतें. पांच हजार वर्षांत मनुष्याचें पुष्कळ बदललें, पण ही निवड करण्याचा नियम बदललेला नाहीं.

कपड्यास खिसे नव्हते तोंवर सर्व जगांत कंबर हाच खिसा होता. जपानांत किमोनोच्या पट्ट्यास औषधाच्या लहान डब्या अडकवीत, आणि त्या निसटूं नयेत म्हणून दोरीच्या वरच्या टोंकास हस्तिदंताचा वा लांकडाचा कोरीव गोळा लावीत. पुढें पाश्चात्त्य पोशाख आला, त्याबरोबर खिसे आले, आणि ते गोळे संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसले. नेपाळी खुकरीच्या म्यानांत आणखी दोन छोटीं पातीं असतात. त्यांतील एक धारेचें. दुसरें बोथट असून तें गारगोटीवर ठिणगी पाडण्याच्या व धार लावण्याच्या कामीं येतें. त्याचें नांव 'चकमक', आणि हाच शब्द आपल्या आजोबांच्या चंचींतहि होता. आपल्याकडे पुरुषाची कनवटी आणि पैशांचा कसा, स्त्रियांचा ओचा आणि आजीबाईंचा बटवा, हीं सर्व कमरेचींच ठाणीं होत. कोंकणांतील शेतकरी आजहि कमरेच्या दोरीस मागच्या बाजूनें आकडी बांधून तींत कोयता अडकवितो व दोन्ही हात मोकळे ठेवून माडावर चढतो. आणि एकत्र कुटुंबांत किल्ल्यांचा छल्ला जिच्या कमरेस, तिचा शब्द कोठीघरांत शेवटचा, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. कमरेची वस्तु ही अशी अधिकाराची खूणहि आहे. ही गोष्ट पुढें आम्हांस उपयोगीं पडणार आहे.

आतां कंबरच कां, खांदा कां नव्हे, असें कोणी विचारील. शरीराचा गुरुत्वमध्य कमरेच्या आसपास असतो. त्याच्याजवळ बांधलेलें वजन चालतांना हेलकावे देत नाहीं, आणि तें कमरेच्या रुंद हाडांवर टेकत असल्यामुळें खांदे व मान यांस शीण होत नाहीं. दोन्ही हात मोकळे राहतात, हा दुसरा लाभ. तिसरा लाभ आमच्या मतें सर्वांत मोठा आहे. हातांतील वस्तु मनुष्य खालीं ठेवतो आणि विसरतो; पाठीवरची झोळी विसांव्याच्या जागीं उतरवितो; घाबरून पळतांना दोन्ही टाकून देतो. कमरेस बांधलेलें तेवढें शेवटपर्यंत बरोबर येतें. यावरून कमरेस काय ठेवावें याची एक सोपी कसोटी हातीं लागते: बाकी सर्व हरवलें, अंधार पडला आणि आपण एकटे उरलों, तर ज्यावांचून जीव धोक्यांत येईल, तेंच कमरेस; उरलेलें झोळींत.

ही कसोटी आमच्या जिल्ह्यांत लागते कोणास? ताडोब्याचा वाघ पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांस फारशी लागत नाहीं. ते गाडींतून उतरतच नाहींत. ती लागते आपल्या दारीं चारोळी, डिंक आणि मध विकावयास येणाऱ्यांस. श्रीखंडावर पेरलेली चारोळी कोणीतरी उन्हाळ्यांत झाडाखालीं हिंडून आणलेली असते, बाळंतिणीच्या लाडवांतील डिंक कोणीतरी खोडास खांच पाडून मिळविलेला असतो. चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें रात्रीं गळतात, म्हणून बाया उजाडण्यापूर्वींच टोपल्या घेऊन निघतात. वैशाखांत तेंदूच्या पानांचा हंगाम येतो. दोन्ही कामें वांकून करावयाचीं. वांकलेलें माणूस वाघास चार पायांच्या जनावरासारखें दिसतें, असें जाणकार सांगतात. आणि वाघ बहुधा मागून येतो. २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपानें तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. अस्वलाच्या नख्यांनीं विद्रूप झालेलीं माणसेंहि या भागांत विरळ नाहींत, आणि २०२१ पासून छत्तीसगडाकडून आलेल्या रानटी हत्तींचें भय गडचिरोलीच्या उत्तर भागांत नव्यानेंच उत्पन्न झालें आहे.

दुसरा वर्ग वनरक्षकांचा. त्यांच्या गणवेषास पट्टा असतो, हातीं काठी असते, आणि अलीकडे जागा टिपणारें यंत्रहि असतें. तरीहि २० नोव्हेंबर २०२१ रोजीं ताडोबाच्या कोलारा वनक्षेत्रांत काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठीं खुणा शोधीत एक महिला वनरक्षक तीन साहाय्यकांसह पायीं चालली होती. पुढें सुमारें दोनशें मीटरांवर वाघीण वाटेवर बसलेली दिसली. मंडळींनीं सुमारें अर्धा तास वाट पाहिली, मग दाट रानांतून वळसा घेऊन जाऊं लागली. वाघिणीनें मागून येऊन त्या बाईंस ओढून नेलें. ही हकीकत आम्ही कोणास दोष लावण्यासाठीं सांगत नाहीं. त्या बाई आपल्या कर्तव्यावर होत्या, आणि त्यांनीं धीरहि धरला होता. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कमरेस कांहींहि बांधलें तरी अशा प्रसंगीं त्याचा उपयोग नाहीं. तेथें उपयोग आहे तो 'आज काम अपुरें राहिलें तरी चालेल, परत फिरा' असें वरिष्ठांनीं आधींच सांगून ठेवण्याचा. ही मुभा वनरक्षकास कागदावर मिळावी, आणि तेंदू तोडणाऱ्या बाईस ठेकेदाराकडून मिळावी. पट्ट्याची गोष्ट तिच्यानंतरची.

असो. आतां त्या पट्ट्यास काय असावें तें क्रमानें सांगतों. पहिलें पाणी. चंद्रपूर हें उन्हाळ्यांत देशांतील अत्यंत तप्त शहरांत मोडतें, आणि आमच्या रानांत उन्हाच्या तडाख्यानें माणूस वाघापेक्षां लौकर आडवा होतो. माडिया गोंड वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा बरोबर नेतात, तो हलका असतो व त्यांतील पाणी थंड राहतें. तो नसेल तर धातूची बाटली चालेल. पाण्याबरोबर मीठ-साखरेची पुडी असावी. एक लिटर स्वच्छ पाण्यास सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें प्रमाण घरांतील प्रत्येक मुलास पाठ असलें पाहिजे. दुसरी शिट्टी. मनुष्याचा गळा थोड्या वेळांत बसतो, शिट्टी बसत नाहीं. एका मिनिटांत सहा वेळां शिट्टी फुंकावी, मग मिनिटभर थांबावें, मग पुन्हां फुंकावी. हा संकटाचा संकेत मूळ आल्प्स पर्वतांतील असून तो आतां दूरवर रूढ झाला आहे. उत्तर देणारानें तीन वेळां फुंकावी. भामरागड, एटापल्लीकडील रानांत मोबाइलवर सर्वत्र विसंबतां येत नाहीं, म्हणून चार आण्यांच्या शिट्टीची योग्यता तेथें मोठी. तिसरी विजेरी, कारण जंगलांत अंधार गांवाच्या आधीं पडतो. चौथी आठ-दहा हात सुतळी. पांचवा एक स्वच्छ फडका आणि जखमेवर बांधावयाची पट्टी. सहावी मेणकापडांत गुंडाळलेली एक चिठ्ठी, तींत नांव, गांव, घरचा दूरध्वनि, रक्तगट, आणि नित्याचें कांहीं औषध असल्यास त्याचें नांव. बेशुद्ध माणसास स्वतःचा परिचय देतां येत नाहीं. ही चिठ्ठी तें काम करते.

चाकू किंवा कोयता यांचें प्रयोजन कामावर आहे. बांबू तोडणारास कोयता हवाच. मेंढा-लेखासारख्या गांवानें २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविला व पुढें २०११ सालीं स्वतःच्या बांबूची विक्री आपल्या हातीं घेतली, तेव्हांपासून त्या कोयत्यास मजुरीच्या अवजाराहून अधिक मान आला आहे. पण तो उघडा नसावा. म्यान नसेल तर तो झोळींत बासनांत बांधून न्यावा. ठेंच लागून पडलेल्या माणसास स्वतःच्याच कोयत्यानें झालेली जखम ही वाघाच्या जखमेपेक्षां अधिक वेळां पाहावयास मिळते. सहलीस जाणाऱ्या शहरी मंडळींनीं मात्र सुरे-कट्यारी लटकावण्याची हौस आवरावी. अभयारण्यांत परवानगीवांचून शस्त्र नेण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें मनाई केली आहे.

काडेपेटीविषयीं दोन शब्द निराळे लिहिणें जरूर आहे. परदेशी पुस्तकांत विस्तवाचें साधन हें आवश्यक वस्तूंच्या यादींत अग्रभागीं असतें, आणि थंड देशांत तें योग्यच आहे. आमच्या पानगळीच्या रानांत फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत जमिनीवर वाळक्या पानांचा थर असतो. मोहाखालची जागा साफ व्हावी म्हणून लावलेली आग मैलोगणती पसरते, रोपें करपतात, पक्ष्यांचीं अंडीं भाजतात. राखीव वनांत मनाईच्या काळांत विस्तव पेटविणें वा बाळगणें हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणें अपराधहि आहे. तेव्हां ओत्झीचें अळंबें त्याला लखलाभ असो. आपण उन्हाळ्यांत काडेपेटी घरींच ठेवावी.

पट्ट्याचा एक गैरवापर तर घरोघरीं ठाऊक असतो. साप चावला कीं कमरेचा पट्टा, करदोडा किंवा लुगड्याची चिंधी काढून पायाला करकचून आवळावयाची. तसें मुळींच करूं नये. त्यानें विष थांबत नाहीं, उलट रक्त न पोहोंचल्यामुळें अवयव मात्र गमावतो. जखम कापूं नये, चोखूं नये, मांत्रिकाकडे वेळ दवडूं नये. रोग्यास निजवून धीर द्यावा, चावलेला पाय वा हात काठीच्या आधारानें हालूं न देतां सैलसर बांधावा, आणि सर्पविषावरील लस जेथें मिळते अशा रुग्णालयांत तडक न्यावें. आपल्या देशांत २००० ते २०१९ या काळांत दरवर्षीं सरासरी सुमारें ५८ हजार माणसें सर्पदंशानें दगावलीं, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत आढळून आलें आहे. त्यांतील कित्येक वेळेवर रुग्णालयांत पोहोंचलीं असतीं तर वांचलीं असतीं.

वजनाचीहि मर्यादा हवी. पोलिसांस पट्ट्यावर पुष्कळ सामान वागवावें लागतें; त्यामुळें कंबर धरते, आणि पट्टा फार आवळल्यास मांडीच्या बाहेरील बाजूस मुंग्या येऊन बधिरता येते, असें वैद्य सांगतात. म्हणून जड वस्तु दोन्ही बाजूंस वांटून बांधाव्या. पाठीच्या कण्यावर कठीण असें कांहीं येऊं देऊं नये, कारण पडलें असतां तेंच मणक्यांत घुसतें. आणि जें ताबडतोब लागेल तें उजव्या हाताच्या सहज आटोक्यांत ठेवावें. ओझें जास्तच असेल तर खांद्यावरून एक तिरपा पट्टा घ्यावा. या युक्तीचा इतिहास मौजेचा आहे. सॅम ब्राऊन नांवाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याचा डावा हात १८५८ सालीं रोहिलखंडांतील चकमकींत तुटला. उजव्या हातानें तरवार उपसतांना म्यान धरावयास हात उरला नाहीं. तेव्हां त्यानें म्यान जागचें हालूं नये म्हणून कमरेच्या पट्ट्यास खांद्यावरून दुसऱ्या पट्ट्याचा आधार दिला. एका हाताच्या माणसाची ही सोय पुढें दोन हातांच्या सैन्यांनीं उचलली, आणि संचलनांत आपण आजहि ती पाहतों.

आतां आमच्या भगिनींस विनंति. पट्टे, खिसे, म्यानें हीं सर्व पुरुषाच्या पोशाखास धरून निघालीं आहेत. कंबरपट्टा म्हटल्यावर स्त्रीच्या वांट्यास दागिना येतो, आणि तोहि सुखवस्तु घरांत. पहांटेच्या अंधारांत मोह वेंचावयास निघालेल्या बाईच्या कमरेस ना छल्ला, ना शिट्टी. ओचा असतो तो फुलांनीं भरावयाचा. तिच्यासाठीं पट्टा शिवणें घरबसल्या होण्यासारखें आहे. जाड जीनच्या कापडाची चार बोटें रुंद दुहेरी पट्टी घ्यावी, लांबी कमरेच्या घेरापेक्षां वीतभर अधिक ठेवावी. त्यावर तीन कप्पे शिवावे: उजवीकडे शिट्टी व विजेरी यांचा अरुंद कप्पा, डावीकडे पाण्याच्या बाटलीचा खोल कप्पा, मध्यें चिठ्ठी व फडका यांचा झांकणीचा. बक्कल लावूं नये. नाडीची सुरगांठ असावी, म्हणजे झुडपांत अडकल्यास एका ओढीसरशीं सुटेल. शिट्टी पट्ट्यासच दोऱ्यानें बांधून टाकावी. कापडाचा रंग भडक असावा, कारण हरवलेल्या माणसास शोधणाऱ्यांच्या नजरेस तो लांबून पडतो.

पट्टा देतांना दोन गोष्टी तोंडानें सांगाव्या: उजाडल्यावांचून निघूं नये, आणि चार जणींनीं बोलत-शिट्टी वाजवीत, एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यांत राहावें. या दोन गोष्टी पट्ट्याहून महत्त्वाच्या आहेत. पण कोरडा उपदेश कोणी मनावर घेत नाहीं. हातानें शिवलेल्या वस्तूबरोबर दिलेला घेतात. येत्या हिंवाळ्यांत दुपारच्या वेळीं प्रत्येक घरांत असे दोन पट्टे सहज होतील. मोहाचा बहर फाल्गुनाच्या अखेरीस सुरू होतो, त्यापूर्वीं ते चारोळी घेऊन दारीं येणाऱ्या बाईच्या हातीं पडावे. त्या वेळीं चारोळीचा भाव करतांना घासाघीस थोडी कमी झाली, तरी आमची हरकत नाहीं.